एका डहाळीवर दोन नावं

एर्मेलिंडानं ते शब्द दिले तेव्हा मी तिच्या शेजारीच कसाव्याचे कंद किसत बसले होते. त्यामुळं पुढं जे झालं त्यात माझाही वाटा आहे, हे आधीच सांगते.

एर्मेलिंडा माझी मोठी जाऊ. सोळाव्या वर्षी ती दोन धबधब्यांच्या खालून, घारवाल्यांच्या गावातून, आमच्या वेलवाल्यांच्या घरात आली. मी तिच्यानंतर आठ वर्षांनी, तिसऱ्याच नदीवरून, तिसऱ्याच भाषेतून आले. वाउपेस नदीच्या काठानं एका भाषेची माणसं एकमेकांची भावंडं धरतात. लग्न करायचं ते दुसऱ्या भाषेच्या घरात. बाई सासरी आली तरी बोलते बापाचीच भाषा. नवरा त्याच्या भाषेत विचारतो, ती तिच्या भाषेत उत्तर देते, पोरं बापाची भाषा उचलतात. सासरची भाषा आम्हा सगळ्यांना पुरती कळते, पण ती तोंडात घ्यायची नाही. ती त्यांच्या वाडवडलांची. पोरानं दोन भाषांची भेसळ केली तरी म्हातारे विचारतात, "अर्धी जीभ कुठं सांडून आलास रे?"

एर्मेलिंडा उंच, फटकळ. तिची कसाव्याची भाकरी इतकी पातळ की उन्हात धरली तर पलीकडचं दिसावं. शेतात आम्ही दोघीच असलो की ती क्रिसान्तोची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, नक्कल करायची. त्याच्याच भाषेत, त्याच्याच आवाजात: "कालवणात मिरची कुठाय? मासा कुठाय? सगळं पाणीच!" मी हसून हसून खाली बसायचे, आणि मग इकडंतिकडं पाहायचे.

सहा वर्षांपूर्वी राजधानीच्या विद्यापीठातली एक बाई होडीनं आली. तिला या नद्यांवरच्या प्रत्येक भाषेतले दोनशे शब्द हवे होते. पाणी, आग, राख, ऊ, यकृत, असले. ते कॉम्प्युटरमध्ये घालायचे, आणि कोणती भाषा कोणाला किती जवळची, कोण केव्हा फुटून निघालं, ते तो मोजून सांगणार. वेलवाल्यांची भाषा तेवढी राहिली होती. पण आमचे पुरुष झाडून सगळे वरच्या ओढ्यावर मासे मारायला गेले होते.

"परवा येतील," मी म्हटलं.

"माझी होडी उद्या सकाळी निघते," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

एर्मेलिंडानं ओल्या हातानं केस मागं सारले. "त्यात काय एवढं? मी सांगते की. बावीस वर्षं दुसरं ऐकलंय काय?"

"जाऊबाई, डोकं फिरलं का तुमचं?"

"अगं, ऐकायला आहे कोण? तू आणि ही कुत्री."

पहिले दहा-वीस शब्द ती नक्कल केल्यासारखी, हसू दाबत बोलली. मग हसू गेलं. ती ताठ बसली आणि नवऱ्याची भाषा अशी बोलू लागली, जशी आपलीच आहे. मला तिच्याकडं बघवेना. चाळिसाव्या शब्दापासून मधूनमधून तिचे माहेरचे शब्द यायला लागले. राख माहेरची, यकृत माहेरचं. बावीस वर्षं ऐकलेलं डोक्यात होतं, पण जिभेला वळण नव्हतं. जीभ जुन्या वाटेनं जायची. मी तिच्या मांडीला चिमटा काढला.

"गप गं," ती म्हणाली. "कुणाला कळतंय?"

शेवटी शेवटी निम्म्याहून जास्त शब्द घारवाल्यांचेच होते. बाई भराभर लिहून घेत होती. "बोलणाऱ्याचं नाव काय लिहू?"

"क्रिसान्तो लिहा. भाषा त्याची ना?"

बाई जरा थांबली. मग तिनं लिहिलं. तिलाही घाई होती.

गेल्या वर्षी शाळेतल्या एवेलियो मास्तरांनी त्या बाईचं छापील पुस्तक आणलं. सगळे मोठ्या घरात जमले. मधल्या पानावर एक झाड होतं. फांद्यांच्या टोकांना आमच्या नद्यांवरच्या लोकांची नावं. आधी सगळे खूश. जो तो आपलं नाव बोटानं शोधत होता. मग आमच्या थोरल्या दिरांनी, लाउरेआनो भाऊजींनी, पान डोळ्यांजवळ नेलं.

"आम्ही आणि घारवाले एकाच डहाळीवर कसे?"

"कॉम्प्युटरनं शब्द शेजारी शेजारी ठेवून पाहिले," मास्तर म्हणाले. "शंभरातले सत्तर जुळले. म्हणजे परवापरवापर्यंत एकच भाषा होती म्हणायची."

भाऊजींनी पुस्तक मांडीवर ठेवलं.

"आजोबा सांगायचे," ते म्हणाले, "घारवाले आपलेच धाकटे भाऊ. धबधब्यापाशी भांडले, खाली गेले आणि जीभ बदलली. मी कुणाला बोललो नव्हतो. वाटलं, म्हाताऱ्याची बडबड. कानाला तर दोन्ही भाषा वेगळ्याच लागतात. पण या कॉम्प्युटरनं आत डोकावून पाहिलंय."

सगळ्यांच्या मनात एकच होतं. एर्मेलिंडाची लेक नूबिया मामाच्या घरी, घारवाल्यांकडंच द्यायची ठरली होती. पंधरा दिवसांनी मामा बेलार्मिनो भाजलेल्या माशांच्या होड्या घेऊन येणार, मासे घाटावर आपण हातात घ्यायचे की सोयरीक पक्की, आणि दुसऱ्या दिवशी मुलगी त्यांच्याबरोबर जायची. आता ते भावाबहिणीचं लग्न ठरत होतं. आणि मग एर्मेलिंडाचं आणि क्रिसान्तोचं लग्न काय होतं?

क्रिसान्तोनं पुस्तक घेतलं. झाडाखाली बारीक अक्षरात त्याचं नाव होतं. ते त्यानं दोनदा वाचलं. मग बायकांच्या बाजूला, एर्मेलिंडाकडं पाहिलं आणि पुस्तक मिटून परत दिलं. त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलेनासा झाला.

नदी अवेळी चढली. दोन घरांत पोरांना ताप आला. घाटावर पाणमांजर मरून पडलेलं सापडलं, अंगावर एक जखम नाही. भाऊजी पोरांच्या जेवणावर मंत्र फुंकत फिरायचे. "पाण्यातल्या भुतांना या पापाचा वास लागलाय," एवढंच म्हणायचे.

मी एर्मेलिंडाला कसावा पिळताना गाठलं. खाली मडक्यात कंदाचं विषारी पाणी ठिबकत होतं.

"सांगून टाका."

"काय सांगू? नवऱ्याची जीभ चोरली, आणि ती पण खराब करून दिली?" ती पिळणी ओढत होती. "त्यानं सांगावं. बायको बोलली असेल, मी नाही, एवढं म्हणावं. त्याला माहितीय."

"आणि नाही म्हणाला तर?"

"लेक त्याचीही आहे."

नूबिया बाहेर अंगाला लावायचा लाल रंग खलत बसली होती, लग्नासाठी.

होड्या ठरल्या दिवशी आल्या. बेलार्मिनो आणि त्याची माणसं माशांचे हारे घेऊन घाटावर उभी राहिली. आमच्या बाजूनं कुणी पुढं होईना. भाऊजी भावाकडं वळले.

"क्रिसान्तो, शेवटचं विचारतो. ते शब्द तूच दिलेस ना?"

क्रिसान्तो पाण्याकडं बघत म्हणाला, "मीच." बायको आपली भाषा बोलली, हे त्याला चारचौघांत म्हणवेना.

एर्मेलिंडानं डोक्यावरची भाकऱ्यांची टोपली खाली ठेवली. आणि सगळ्यांसमोर, नवऱ्याच्या भाषेत, ती बोलली. "मी दिले. हा घरी नव्हता." मग एकेक शब्द सांगत गेली. त्यांची राख अशी, मी दिली ती माझ्या बापाची, अशी. त्यांचं यकृत असं, मी दिलं ते असं. बायकांनी पोरांचे कान झाकले.

"पुरे," भाऊजी म्हणाले. "त्या कॉम्प्युटरला लेक उजवायची नाही, बाई. तुला उजवायचीय. तुझं कसं खरं मानू?"

"हिला विचारा. ही होती."

सगळे माझ्याकडं वळले. माझ्या नवऱ्यानं नकारार्थी मान हलवली, अगदी थोडी.

"होते मी," मी म्हटलं. "चिमटा पण काढला होता."

मागं कुणीतरी बाई फिस्सकन हसली आणि लगेच गप्प झाली. भाऊजी पुढं झाले. मग त्यांनी बेलार्मिनोच्या हातातला पहिला हारा घेतला.

नाच झाला, कसाव्याची दारू झाली, मासे संपले. एर्मेलिंडाच्या भाकऱ्या टोपलीत तशाच राहिल्या. नूबियानं एक तुकडा उचलला तर थोरल्या जाऊबाईंनी तो तिच्या हातातून हलकेच काढून घेतला. "तू नको गं. तू नवी नवरी."

क्रिसान्तोनं आपला निजायचा झोपाळा भावाच्या चुलीपाशी नेऊन बांधला. तो विचारत नाही, म्हणून ती उत्तर देत नाही. आता तिच्या तोंडून बापाचीही भाषा ऐकू येत नाही. नक्कल तर नाहीच.

मास्तरांनी शहरात पत्र लिहिलं. उत्तर आलं की पुढच्या छपाईत दुरुस्ती करू. तोवर झाड शाळेच्या भिंतीवर आहे. मास्तरांनी त्या डहाळीवर कागदाची चिकटपट्टी लावली होती. ती पोरं सोलून काढतात.

नूबियाला पावसाळ्यात मुलगा झाला. त्याचा ताप उतरत नाही. तिच्या सासरच्या बायका तिला काही म्हणत नाहीत, फक्त बाळाला घ्यायला कुणी पुढं येत नाही. पहिल्या होडीबरोबर तिनं मला निरोप पाठवला. आईला नाही, मला. "काकू, खरं सांगा. ते शब्द आईनंच दिले होते ना? की त्या दिवशी तुम्ही दोघींनी ठरवून सांगितलंत?"

मी सांगून पाठवलं, आईनंच. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाही तेच सांगितलं.

आज सकाळी घारवाल्यांची होडी तिसऱ्यांदा घाटाला लागली. त्यातला माणूस खाली उतरला नाही, माझं नाव घेऊन हाक मारत राहिला. मी उठले. एर्मेलिंडा शेजारीच होती. तिनं मान वर केली नाही, किसत राहिली. कसावा संपला होता, आणि किसणीवर नुसता तिचा हात फिरत होता.