वरल्या हिरीतून आलेला आवाज

देवाला मी हात जोडते ते आईला बरं वाटावं म्हणून. दृष्ट, बाधा, अंगात येणं... यातलं काही मी कधीच मानलं नाही, आणि खरं सांगायचं तर आजही मानत नाही. या सदरातले अनुभव वाचताना मी आपली मनातल्या मनात कारणं शोधत बसायची. आता स्वतःचाच अनुभव लिहायला बसले आहे. कुणाला कारण सापडलं तर जरूर कळवा, मी वाद घालणार नाही.

मी लातूरला राहते, माहेर शिरूर अनंतपाळ. काम कॉम्प्युटरचं, घरूनच. नोकरी सांभाळून एका ओपन सोर्स प्रोजेक्टचं कोऑर्डिनेशन करते. म्हणजे जगभरातले लोक आपापल्या सवडीने मिळून एखादं सॉफ्टवेअर घडवतात आणि ते सगळ्यांसाठी खुलं ठेवतात. आमचं एक बिल्ड टूल आहे — प्रोग्रामर मंडळींनी लिहिलेले कोडचे तुकडे जोडून त्यातून चालणारा प्रोग्राम तयार करून देणारं. ते काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करून चालवावं लागायचं. आम्ही त्याला वेब इंटरफेस देत होतो. ब्राउझर उघडा, बटण दाबा, काम कुठे अडलं ते समोर बघा. कुणाकडे कोणता भाग, कोण कशात अडकलंय, कुणाचं कुणाशी वाजलंय, हे सगळं बघणं माझ्याकडे.

आम्ही चौघं. ब्राझीलची लुसिया, पोलंडचा टोमाश, मी, आणि मुखेडजवळच्या खेड्यातला व्यंकट. व्यंकट पुण्याची नोकरी सोडून गावी आलेला, शेती बघत बघत कोड लिहिणारा. लुसिया आणि टोमाशचे चेहरे रोज दिसायचे. व्यंकटचा मात्र मी कधी पाहिला नव्हता. व्हिडिओ लावला की त्याची रेंज जायची, म्हणून तो नुसता बोलायचा. "ताई, जेवलाव का?" इथून सुरुवात. त्यामुळे तो आवाज मी हजारात ओळखला असता.

त्या दिवशी संध्याकाळी पाचची मीटिंग होती. नवीन व्हर्जन लोकांसाठी खुलं करायचं की नाही ते ठरणार होतं. बिल्ड चालू असताना प्रगती दाखवणारा पडदा व्यंकटने केला होता आणि तोच तो दाखवणार होता. पण गडी आलाच नाही. मेसेज टाकला, उत्तर नाही. टोमाश वैतागला. "आजच्या दिवशी तरी वेळ पाळायला हवी होती," असं काहीसं म्हणाला. मी म्हटलं, थांबू या थोडं, लाईट गेली असेल.

आणि तेवढ्यात आवाज आला.

"ताई... हीर."

लांबून, घुमल्यासारखा. पण व्यंकटचाच.

लुसियाचा चेहरा खुलला. "आला! तो म्हणतोय, हिअर, हिअर. म्हणजे हजर आहे." तिला ते इंग्रजीतलं 'हिअर' वाटलं. माझ्या मात्र अंगावर काटा आला. आमच्याकडे विहिरीला हीर म्हणतात.

मी स्क्रीनवरची नावं पाहिली. तीनच. व्यंकट मीटिंगमध्ये नव्हताच.

तरी मी मोठ्याने विचारलं, "व्यंकट, कोणती हीर?"

"वरली... वरल्या रानातली."

मग काही नाही.

मी लगेच त्याच्या मोबाईलवर फोन लावला. उचलला त्याच्या बायकोने, शोभाने. मी माझं नाव सांगितलं.

"हाव, हाव, मीटिंगवाल्या ताई. अवं, ते रानात गेलेत. मोबाईल चार्जिंगला लावून गेलेत. यिऊनच राहिले असतील."

"शोभा, विहिरीकडे माणूस पाठव. आत्ता."

"का वो? काय झालं?"

काय सांगणार होते मी? "मला वाटतंय तो पाण्यात पडलाय," एवढंच म्हणाले.

ती ओरडली, "भावजी! खालच्या हिरीकडं पळा!"

"खालची नाही," मी म्हणाले. "वरली."

"वरली कशाला? मोटार तर खाली हाय. वरल्या हिरीकडं आता कुणी जातबी न्हाई."

"ऐक माझं. वरली."

तिने विचारलं नाही, तुम्हाला कसं माहीत. आजही मला तिच्या या गोष्टीचं सगळ्यात जास्त अप्रूप वाटतं. फोन हातातच धरून ती पळाली. मला तिचा श्वास ऐकू येत होता, पायाखाली मोडणारी धसकटं, मागून कुणीतरी दोर घेऊन या म्हणून ओरडणारं... लॅपटॉपवर लुसिया आणि टोमाश माझ्याकडे बघत होते. मी त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. कुणीच मीटिंग सोडून गेलं नाही.

मग शोभाच्या दिराचा आवाज आला, "हाय! हाय हो, हितं हाय! दोर टाका!"

मी टेबलावर डोकं ठेवून रडले.

झालं होतं असं. खालच्या विहिरीचा पाइप फुटला होता. वरच्या पडीक विहिरीतला जुना पाइप कामाला येईल का, हे बघायला व्यंकट आत उतरला आणि पायरीवरून घसरला. मांडीचं हाड मोडलं. तोच जुना पाइप धरून तो पाण्यात लटकून राहिला होता. हात सुटत आले होते, असं वर काढणारे म्हणाले.

त्याला नांदेडच्या दवाखान्यात हलवलं. ऑपरेशन झाल्यावर मी भेटायला गेले. चेहरा पहिल्यांदाच बघत होते. वाटला होता त्यापेक्षा किरकोळ निघाला.

"ताई, मी लई ओरडलो," तो म्हणाला. "मग आवाजच फुटंना. मीटिंग सुरू झाली असंल, ताई वाट बघत असतील, एवढंच डोक्यात होतं. मग कुणीतरी इचारलं, कोणती हीर. मला वाटलं, काठावर माणूस आलं. म्हणून सांगितलं, वरली."

त्याची आई पलंगाच्या पायथ्याशी बसली होती. मी तिला म्हटलं, "मावशी, हे कसं झालं मला खरंच माहीत नाही."

तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला. "कसं का असंना बाई. तुम्ही ऐकलाव."

आमच्या मीटिंगा रेकॉर्ड होतात. ते रेकॉर्डिंग मी कितीदा ऐकलं असेल! त्यात लुसियाचं "आला!" आहे. माझं "कोणती हीर?" आहे. व्यंकट बोलला त्या जागी मात्र काही नाही, नुसता माझ्या पंख्याचा आवाज. टोमाशने सर्व्हरचे लॉग, म्हणजे कोण कधी जोडलं गेलं त्याच्या नोंदी, तपासले. हा माणूस पुराव्याशिवाय काही मानत नाही. चौथं कुणी जोडलं गेलं नव्हतं. पण "आवाज मीही ऐकला," हे तो आजही सांगतो. भास म्हणावा तर तिघांना, तीन देशांत, एकच भास कसा होईल? आता त्या उत्तरासाठी माझा जीव तेवढा तळमळत नाही. माणूस जिवंत आहे. जे काही होतं, जिथून आलं, त्याचे मी आभार मानते.

व्हर्जन आम्ही पुढे ढकललं. व्यंकटची जागा दुसऱ्या कुणाला द्यायचा विषयही निघाला नाही. प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून तो पहिल्यांदा मीटिंगला आला, तेव्हा त्याने सगळेच विचारतात तेच विचारलं.

"ताई, आवाज येतोय का?"

लुसियाने तोंडावर हात धरला. टोमाश दुसरीकडे बघायला लागला.

"येतोय रे," मी म्हणाले. "अगदी स्वच्छ येतोय. बोल."