टपावरची थाप

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — ती वारली, तोवरही नाही. आधी इथे लिहितो. मग धाकट्या भावाला, वसंताला, वाचून दाखवीन. तोंडाने सांगायला गेलो तर मी पुन्हा काहीतरी वगळीन.

आमच्या देऊळघाट गावात माझी जुनी पिकअप होती. वसंताला आवाजाचं वेड. त्यानेच तिच्यात टेप बसवला, सीटमागे अॅम्प्लिफायर आणि मोठाले बॉक्स. गाडीच्या आधी गाणं गावात शिरायचं. लोक म्हणायचे, वसंताची गाडी आली. गाडी माझी होती — पण मला त्याचं काही वाटत नव्हतं. खरंच नव्हतं का?

मागे मालावर माझा मित्र साहेबराव बसायचा. मागच्याने केबिनच्या टपावर थाप मारली की गाडी थांबवायची, ही सगळ्यांचीच रीत.

त्या दिवशी बाजारात, चारचौघांत तो म्हणाला, "काऊन बे, पिकप हाकून राह्यला का बैलजोडी?" लोक हसले. मीही हसलो. आत मात्र — काय सांगू?

घाट उतरताना दोरी सुटली, पोती सरकू लागली. त्याने थाप मारली. पुन्हा मारली. मग मारतच राहिला. वळणावर तो पोत्यांसकट रस्त्यावर आला. पाय मोडला; नीट जुळला नाही तो नाहीच. डोक्यालाही मार लागला; त्या दिवसाचं त्याला पुढे काहीच आठवलं नाही.

दवाखान्यात सगळ्यांनी विचारलं, थाप ऐकू आली नाही? मी म्हणालो, टेप मोठा होता. किती सोपं होतं ते! वसंताचे बॉक्स साऱ्या गावाला माहीत होते.

वसंता साहेबरावच्या खाटेपाशी बसून रडला. मला म्हणाला, "दादा, येवढे मोठे बॉक्स म्या बसवालेच नव्हते पायजे." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला — हो, ठेवला. त्याने सगळं उपटून काढलं. बॉक्स गोठ्यात गेले. कोंबड्या त्यांत अंडी घालू लागल्या. त्याच्या घरात पुन्हा रेडिओही लागला नाही. मुलीच्या लग्नात बँड वाजू लागला, तसा तो उठून मळ्यात गेला.

साहेबराव मरेपर्यंत काठी टेकत यायचा. चेष्टेने म्हणायचा, "वसंत्या, तुह्या गाण्यानं माहा पाय नेला बे." वसंता मान खाली घालायचा. मी चहा पीत राहायचो.

टेप त्या दिवशी बंद होता. सकाळीच वायर निघाली होती. घरी गेल्यावर वसंताकडून जोडून घ्यायची, असं मी ठरवलं होतं. पहिलीच थाप मला स्वच्छ ऐकू आली. मनात म्हटलं, मारू दे. बैलजोडी म्हणतो — मारू दे अजून.

आणि साहेबरावला आत नेल्यावर, दवाखान्याच्या दारात, मी ती वायर पुन्हा खोचली.