सुरजला आउट कोणी द्यायचं

तळेगाव ढमढेऱ्यात भिमाजींना लहानथोर सगळे मास्तर म्हणत. ते शाळेतले मास्तर नव्हते, एसटीतले होते. कंडक्टरला आमच्याकडं मास्तरच म्हणतात. आठवड्याचे सहा दिवस त्यांनी गाडीला दिले आणि रविवार गावच्या क्रिकेट टीमला. स्वतः त्यांनी कधी बॅट हातात धरली नाही. जीप ठरवायची, टेनिस बॉल आणायचे आणि रुसलेल्या खेळाडूला घरून उठवून आणायचं, एवढं त्यांचं काम. यातलं शेवटचं काम बहुतेक वेळा एकाच माणसासाठी करावं लागे. तो म्हणजे सुरज.

सुरज मारायला लागला की समोरच्या टीमचे फिल्डर आधीच उसाच्या कडेला जाऊन उभे राहत. पण त्याची तऱ्हा निराळी. दुसऱ्याच्या रनसाठी तो पळत नसे. कॅच सोडणाऱ्याच्या सात पिढ्या काढी. फिल्डिंगला लिंबाच्या सावलीत उभा राही आणि सावली सरकेल तसा सरकत जाई. आमचा विकेटकीपर मच्छिंद्र पिठाच्या गिरणीवर कामाला होता, गरीब माणूस. पण एकदा तोही वैतागला आणि मास्तरांना म्हणाला की पुढच्या रविवारी एकतर सुरज येईल, नाहीतर मी.

मास्तरांनी सुरजला वगळलं. त्या रविवारी वरवंडनं आम्हाला एकतीस धावांत गुंडाळलं. परतीच्या जीपमधून उतरताना मच्छिंद्रच म्हणाला, सुरजला बोलवा, मी कानात कापूस घालीन.

मास्तरांची झोप उडाली. शेवटी त्यांच्या मंडळींनी, सवितानं विचारलं की गाडीत दारू पिऊन कुणी चढलं तर तुम्ही काय करता. मास्तर म्हणाले, शेजारी बसवतो, गप राहतो. तेव्हापासून जीपमध्ये सुरजची जागा मास्तरांच्या शेजारी ठरली. येता-जाता मास्तर त्याचं सगळं गाऱ्हाणं ऐकून घेत. त्यानं तो सुधारला नाही, पण वेळेवर यायला लागला.

अठ्ठ्याण्णव साली आम्ही दौंडला फायनल गाठली. बावीस धावा हव्या होत्या, सुरज जोरात होता, आणि बॉल बॅटची कड घेऊन कीपरच्या हातात गेला. अंपायरनं बोट वर केलं. सुरज खाली बसला, तिथंच, स्टंपांपुढं.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. लोक ओरडायला लागले. अंपायर मालगाडीचे गार्ड होते, त्यांना पाचला ड्युटीवर हजर व्हायचं होतं. ते घड्याळ बघत होते, पण बोट काही खाली घेत नव्हते. मास्तर मैदानात गेले आणि सुरजच्या शेजारी मांडी घालून बसले.

"बॅटला लागला का रं?"

"लागला की."

"कीपरनं नीट धरला?"

"धरला."

"मग ऊठ की."

"मास्तर, मी निघालोच हुतो. ह्यांनी मधीच बोट कशाला वर केलं? आता गेलो तर लोक म्हंत्याल, हाकलला."

मास्तरांना हे नवीन नव्हतं. खिशातून पैसे काढता काढता कुणी 'तिकीट घ्या' म्हटलं की भांडायला उठणारी माणसं त्यांनी रोज पाहिली होती. ते उठले, अंपायरच्या कानाशी लागले. गार्डसाहेबांनी एकवार घड्याळाकडं पाहिलं, बोट खाली घेतलं आणि हात पँटच्या खिशात घातला.

सुरज उठला. कपडे झटकले. साऱ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाला, "मी आउट हाय," आणि चालू लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सामना आम्ही चार धावांनी हरलो. पण बक्षीस समारंभात खिलाडूवृत्तीचा खास करंडक सुरजला मिळाला. तो घेताना त्याचा चेहरा इतका गंभीर होता की मच्छिंद्रला तोंडावर टॉवेल धरावा लागला.

पुढं प्रत्येक सामन्याआधी मास्तर अंपायरला बाजूला घेऊन सांगत की सुरजच्या वेळी जरा दमानं घ्या. अंपायर बुटाची नाडी बांधायला वाकत, तेवढ्यात सुरज स्वतःच्या पायांनी तंबूत पोचलेला असे. दोन वर्षांत तो शिरूरपासून दौंडपर्यंत प्रामाणिक खेळाडू म्हणून गाजला. लिंबाची सावली मात्र त्यानं सोडली नाही.

मास्तर रिटायर झाले तोवर सुरज एका कंपनीत लागला होता आणि तिथली टीम सांभाळत होता. एके सकाळी तो मास्तरांच्या ओट्यावर येऊन बसला. टीमला एक नवा बॉलर मिळाला होता, हात सोन्याचा, पण ऐकत कुणाचं नव्हता. सुरज तासभर त्याचं गाऱ्हाणं सांगत राहिला.

"अशा पोराचं काय करायचं, मास्तर?"

मास्तरांनी बशीतला चहा फुंकला. "काय ठावं बाबा. आमच्या टायमाला असं कोण न्हवतंच."

सविताकाकू पदर तोंडाला लावून आत गेल्या.

"तेच म्हंतो मी," सुरज म्हणाला.