ओळीवरचं नाव

आमच्या विभागाची कॉम्प्युटर लॅब सांभाळणाऱ्याला सगळे होईलदादा म्हणतात. पंखा असो, प्रोजेक्टर असो, कुणाचा विसरलेला पासवर्ड असो, त्याचं उत्तर एकच, "होईल." बरं, होतंही, त्यामुळे बोलायची सोय नाही. मी विभागप्रमुख, माझा आवाज मुळातच चढा, आणि चौदा वर्षांत या गृहस्थाने मला एकदाही उलट उत्तर दिलेलं नाही. अशा माणसावर रागावण्यात काही मजा नसते.

संभाव्यता शिकवणाऱ्या मॅडम म्हणजे त्याची सख्खी थोरली बहीण. घरी ताई, विभागात मॅडम. दोघांचा डबा एकच यायचा, तो उघडतानासुद्धा हा "मॅडम, चमचा" असं म्हणायचा. आम्ही हसायचो. त्याला त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये मॅडम गेल्या. तीन आठवड्यांचं आजारपण. चौथ्या दिवशी हा कामावर हजर. मी विचारलं, "बरा आहेस ना?"

"हो सर. प्रिंटरचा रोलर बदललाय."

मी रोलर बघून आलो. खरं सांगायचं तर मलाही फारसं काही वाटत नव्हतं, नुसतं बधिर झाल्यासारखं होतं. मॅडमचे तास दोघांत वाटून दिले आणि कामाला लागलो.

काम म्हणजे आमचं ऑनलाइन पाठ्यपुस्तक. त्यातले पाच धडे मॅडमचे, आणि नुसते वाचायचे नव्हेत. विद्यार्थ्याने बटण दाबलं की नाणं पडायचं, पट्टी सरकवली की आलेख हलायचा. हे सगळं एका कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. जानेवारीत कंपनीचं पत्र आलं की मार्चअखेर ते कायमचं बंद होणार. बैठकीत ठरलं, आता कुणा कंपनीच्या दारात उभं राहायचं नाही. ओपन सोर्स साधन घ्यायचं, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो आणि जे कुणाला असं परस्पर बंद करता येत नाही. कोणतं, ते शोधायचं काम होईलदादाकडे. तो म्हणाला, "होईल."

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय होती. मजकुराच्या प्रत्येक ओळीशेजारी ती शेवटची कुणी आणि कोणत्या तारखेला लिहिली ते दिसायचं. मॅडमच्या पाच धड्यांत डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत त्यांचंच नाव. जेवणाच्या सुट्टीत डबा एका बाजूला सारून हा ते धडे उघडून बसायचा. वाचत नसायचा, नुसता डावीकडचा रकाना खाली खाली सरकवायचा. मला वाटायचं, काहीतरी तपासतोय. तेवढं कळायची अक्कल मला असायला हवी होती.

त्याने तीन साधनं निवडली आणि मॅडमचा गोट्यांचा धडा तिन्हींत मांडून पाहिला. मग तिन्ही साधनं बनवणाऱ्यांना एकेक साधा प्रश्न लिहून पाठवला आणि उत्तराची वाट बघत बसला. मी वैतागलो. "अरे, लग्न जमवतोयस का?"

"सर, उद्या अडलं तर कुणी ओ देतंय का, ते बघतोय."

पहिलं साधन देखणं. त्यात जुन्या नोंदी नावं-तारखांसकट जशाच्या तशा येत होत्या. पण तीन आठवडे उलटले तरी तिकडून कुणी ओ दिली नाही, आणि इंटरनेट गेलं की पान कोरं. दुसरं आमच्या जुन्या यंत्रांवर सुरूच होईना. तिसरं दिसायला अगदीच सुमार. पण साध्या फोनवर चालायचं, एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटशिवायही. आणि कुठल्याशा गावातल्या एका निवृत्त शिक्षकाने चौथ्या दिवशी लांबलचक, समजावून सांगणारं उत्तर पाठवलं होतं.

दादाने अहवालात तिसऱ्याची शिफारस केली. तोट्यांच्या रकान्यात एकच ओळ होती: 'धडे नव्याने उतरवावे लागतील, जुन्या नोंदी नावांसह येणार नाहीत.' मी ती वाचली आणि सही केली. वाचूनही मला काही कळलं नाही.

मार्चमध्ये त्याने एकट्याने सगळे धडे नव्या साधनात उतरवले. मुखपृष्ठावर मॅडमचं नाव मी सगळ्यांत वर घालायला लावलं आणि मोठं काही केल्यासारखा खूश झालो.

जूनमध्ये एका विद्यार्थिनीची तक्रार आली. पिशवीत पाच लाल आणि चार निळ्या गोट्या, लाल निघण्याची संभाव्यता किती? पुस्तकातलं उत्तर पाच भागिले दहा. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये गोटी फार तर वीसदा काढता यायची. नव्यात तिने हजारदा काढली, तर साडेपाचशेहून जास्त लाल. बरोबरच आहे, गोट्या नऊच आहेत. ओळीशेजारी नाव आणि तारीख नव्या साधनातही दिसते. मी ओळ उघडली, शेजारी होईलदादाचं नाव. लॅबमध्ये जाऊन सगळ्यांसमोर त्याला फैलावर घेतलं. "पाच आणि चार किती होतात रे? पहिलीत शिकवतात! बाईंच्या धड्याची वाट लावलीस!"

तो म्हणाला, "दुरुस्त करतो, सर."

खोलीत आल्यावर चुटपुट लागून राहिली. कपाटातून मॅडमच्या हस्तलिखिताची फाइल काढली. त्यांच्याच अक्षरात, शाईच्या पेनाने: एकूण गोट्या दहा.

परत लॅबमध्ये गेलो. विद्यार्थी पांगले होते.

"बोलला का नाहीस?"

"ओळ माझ्या नावावर आहे, सर."

"पण लिहिलेली त्यांची. उतरवताना त्यांचं नाव घालता आलं नसतं का?"

"आलं असतं. एका खटक्यात झालं असतं." तो पडद्याकडेच बघत होता. "पण तारीख मार्चची पडली असती. मार्चमध्ये ताई कुठे होती?"

विभागात त्याच्या तोंडून ताई हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. दहा महिने काही न वाटलेला मी तिथल्या स्टुलावर बसलो आणि मला रडू आलं. त्याला नाही आलं. त्याने दहाचे नऊ केले. नवं साधन प्रत्येक बदलाचं कारण विचारतं, दोन बोटं मावतील एवढी चौकट येते. एरवी तो तिथे 'दुरुस्ती' एवढंच लिहितो.

त्या दिवशी त्याने लिहिलं, 'गोट्या नऊ. चूक ताईची.' आणि बटण दाबलं. तारीख खरी पडली.