ग्रेडरने पारखलेलं ग्राफिक्स कार्ड

मारेगावच्या कापूस खरेदी केंद्रावर मी ग्रेडर होतो, त्यामुळे तालुक्यात माझं भलं व्हावं असं वाटणारा माणूस एकही नव्हता. कापसाचे ते वाईट दिवस. भाव नाही, बोंडअळी आहे, आणि गाडीत हात खुपसून "यात ओल आहे" म्हणणारा मी आहे. वर पांढराशुभ्र आणि खाली ओला, असा माल इतक्यांदा पाहिला होता की कोणी मालाची स्तुती केली की माझा विश्वासच उडायचा. (बायकोने भाजी चांगली झाली म्हटलं तरी मी आधी तळ ढवळून बघायचो!)

त्यात आमच्या मुलीने, सुषमाने, डिप्लोमा करून पुण्याच्या एका कंपनीत अर्ज केला. संगणकावर घर उभारून ते चारही बाजूंनी फिरवून दाखवायचं होतं, तेही शुक्रवारपर्यंत. आमचा संगणक त्या घराचा जिना चढतानाच बंद पडायचा. ग्राफिक्स कार्ड हवं होतं. तिला कामातून उठता येईना, म्हणून यवतमाळला मी निघालो.

"बाबा, नीट ऐका," सुषमा म्हणाली. "मेमरी म्हंजे गोडाऊन, अन् बिट म्हंजे गोडाऊनचं दार. गोडाऊन कितीबी मोठं असलं अन् दार लहान असलं, तर माल अडकूनच राह्यते. दोनशे छप्पन मेमरी, एकशे अठ्ठावीस बिट. पण सगळ्यात आधी स्लॉट पाहजा. आपला जुना हाय, एजीपी. नव्या स्लॉटचं कार्ड त्यात बसतच नाही."

"जिंदगी गेली माही माल पारखण्यात," मी म्हणालो. "मले नको शिकवू."

मुलीचा संगणक जुना आहे एवढं सांगताच दुकानदाराने एक डबा पुढे केला. "काका, हे घेऊन जा. दोनशे छप्पन, एकशे अठ्ठावीस, एजीपी. पोरगी खूश होईन."

सुषमाने सांगितलं होतं बरोबर तेच! आणि नेमकी तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. इतक्या पटकन काढून दिलं, वर स्तुती. ओल असणार.

"अन् ते मागचं?" मी कपाटाकडे बोट दाखवलं.

"ते तुमच्या कामाचं नाही. नव्या स्लॉटचं हाय."

"दाखवा तर."

"काहून पैसे पाण्यात टाकता, काका? बसणारच नाही ते."

विकायला बसलेला माणूस विकायला नाही म्हणतो! म्हणजे चांगला माल ओळखीच्या गिऱ्हाइकासाठी दाबून ठेवलेला. मी कार्ड हातात घेऊन वजन पाहिलं, पंखा बोटाने फिरवला. भरदार होतं. तो जसजसा नको म्हणत गेला तसतसा माझा विश्वास वाढत गेला. शेवटी त्याने हात जोडले, पैसे घेतले, माल परत घेणार नाही असं दोनदा बजावलं, आणि मी मोठ्या ऐटीत एसटीत बसलो.

घरी सुषमाने डबा उघडला आणि कार्ड स्लॉटवर धरून दाखवलं. खाचा जुळेनात.

"जोर लावून पाहू काय?" मी म्हणालो. रुईच्या एवढ्या गाठी दाबून बसवतात, हे तर वीतभर कार्ड. तिने अडवायच्या आत मी अंगठा दाबला. कट्ट असा आवाज झाला आणि संगणक कायमचा गार पडला.

"आता शुक्रवारी काय पाठवू मी?" ती म्हणाली आणि रडायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुण्याची नोकरी गेली. केंद्रावर गाडीत हात घातला की लागणारी ओल कापसाची की माझ्या घामाची, तेच मला समजेनासं झालं.

पुढे तिला नागपुरात नोकरी लागली. आणि गंमत म्हणजे, प्रत्येक खरेदीला ती मला सोबत नेऊ लागली. "बाबा, यातलं कोणतं नाही पटलं?" असं विचारायची, आणि मी सांगितलं की तेच उचलायची.

मग एक दिवस तिने ऑफिसातला एक मुलगा घरी आणला. तो चहा पिऊन गेल्यावर तिने विचारलं, "कसा वाटला?"

"मले नाही पटला," मी म्हणालो. "लई गोड बोलते."

सुषमाने सुटकेचा श्वास सोडला आणि बायकोला म्हणाली, "आई, मुहूर्त काढाले सांग."