उत्तर आतेभाऊच राहू दे

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. कोणाची मागते ते माहीत नाही, कारण हे कोणाला दाखवायचं नाही. मुलीच्या क्लासच्या वहीत मागची पानं कोरी राहिली होती, त्यांवर लिहितेय. चारचौघांत मला बोलता येत नाही, घशात काटा अडकल्यासारखं होतं. पण जे बोलले नाही ते मी विसरतही नाही.

माझी शाळा चौथीत सुटली. माझ्या बापाची बहीण, म्हणजे माझी आत्या, हर्णैला दिलेली. एका गणपतीत ती माहेरी आली आणि पडवीत बसून सगळ्यांसमोर म्हणाली, "ही माझ्याच घरात यायचीय. हिला शिकवून काय करायचंय? मासळी निवडायला बाराखडी लागत नाही." सगळे हसले. पुढच्या जूनला मला पाचवीत कोणी घातलंच नाही.

आत्याची मुलगी माझ्याच वयाची. ती मात्र दहावीपर्यंत शिकली. लहानपणी सुट्टीत आम्ही दोघी एका ताटात जेवायचो. मग मी आत्याच्या मुलाची बायको झाले आणि ती माझी नणंद. तेव्हापासून मी तिला ताई म्हणते आणि ती मला चौथी पास म्हणते. "आमची वहिनी चौथी पास, पण नोटा मोजायला चुकत नाही हो!" बारसं असो, लग्न असो, तेरावं असो, हे वाक्य ती म्हणणारच. लोक हसतात. मीही हसल्यासारखं करते. ते हसू मी किती वर्षं गिळलंय ते माझं मला माहीत.

ताईला दापोलीत दिली. त्यांचं किराणा मालाचं दुकान आहे, चांगलं चालतं. तिला एक मुलगा. तो दुकानात बसतो, म्हणजे खुर्चीत बसतो आणि फोन बघतो. त्याच्याबद्दल मला वाईट लिहायचं नाही, त्याने आमचं काही केलेलं नाही. त्याने कोणाचंच काही केलेलं नाही.

मी बोंबील, सुकट वाळवून विकते. हे दुसऱ्याच्या बोटीवर जातात. आमची मुलगी एसटीने जाऊन येऊन दापोलीच्या कॉलेजात पदवीपर्यंत शिकली आणि म्हणाली, मला सरकारी भरतीची परीक्षा द्यायचीय, त्याचा क्लास लावायचाय. क्लासवाले फी एकरकमी मागत होते. त्या वर्षी मासळी कमी होती. हे म्हणाले, "ताईकडून घेऊ." मी नको म्हटलं, पण माझं नको म्हणजे मान हलवणं. ते कोणाला दिसतं?

ताईने गल्ल्यातून पंधरा हजार काढले आणि लगेच दिले. परत कधी देणार, एवढंही विचारलं नाही. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

समजलं ते शिमग्यात. पालखी दारात येऊन गेली होती, घरात माणसं भरलेली. यांनी कोणाला तरी सांगितलं की ताईचे पैसे मे महिन्यात थोडे परत करू. ताई तिथूनच ओरडली, "परत कसले करतोस? पैसे कुठे जातायत? पोरगी माझ्याच घरात यायचीय!"

तेच शब्द. तिच्या आईचे. मुलगी पुरणपोळी वाढत होती, तिचा हात थांबला. हे हसले. मी आत जाऊन चुलीपुढे बसले आणि मनात म्हटलं, ताई, हे नाही होणार.

मुलीला एका विषयाची भीती होती, बुद्धिमत्तेचे प्रश्न. गणित तिला येत होतं, पण हे प्रश्न फिरवून फिरवून विचारलेले असतात. अ हा ब च्या डावीकडे, क हा ड च्या समोर, कोण कुठे बसलाय सांगा. बोलून सराव केला की बरं जमतं असं तिच्या मैत्रिणीने सांगितलं होतं. मग बोलायला कोण? मी. संध्याकाळी लिलावातून आणलेली मासळी निवडून, मीठ लावून झाली की मी हात धुऊन पुस्तक घ्यायची. एकेक अक्षर लावत प्रश्न वाचायची. उत्तरं शेवटच्या पानावर असायची, ती मी पदराखाली झाकून बघायची.

पहिल्यांदा तर आमची भांडणंच झाली. मी वाचलं, "सर्व मासे टेबल आहेत. काही टेबल ढग आहेत." पुस्तक खाली ठेवलं.

"कोणी लिहिलंय हे? मासे टेबल कसे असतील?"

"आई, मानायचं असतं."

"का मानायचं?"

"दिलंय म्हणून. दिलेलं विधान खरं धरायचं, आपल्या मनातलं घालायचं नाही. मग पुढे काय निघतं तेवढं सांगायचं."

मी त्यावर बराच वेळ विचार केला. आमच्या घराण्यातही कोणीतरी एक विधान देऊन ठेवलं होतं, सर्व भाच्या सुना आहेत. आम्ही ते खरं धरलं आणि पुढे जे निघालं ते भोगत बसलो.

बसण्याच्या प्रश्नांना मी ओट्यावर शिंपले मांडायची. अ, ब, क माझ्या डोक्यात राहत नव्हते, म्हणून मी त्यांना घरातली माणसं करून टाकलं. हा मोठा शिंपला सासरे, हा फुटका तुझा बाप, ही मी, ही तुझी आत्या. पण उत्तर चुकायचं. मुलगी पुनःपुन्हा मांडून बघायची आणि शेवटी वैतागायची.

"आई, तू परत आत्याला कडेला बसवलंस. प्रश्नात ती मधे आहे."

"असू दे कडेला."

"आणि तिचं तोंड मागे का केलंयस? सगळे पुढे बघतायत म्हणून दिलंय!"

"तिला काय बघायचंय पुढे?"

मुलगी पोट धरून हसली. पण मी खरं सांगते, मला तो शिंपला मधे ठेववत नव्हता. शेवटी तिने ताईचा शिंपला स्वतःच्या हातात ठेवला आणि म्हणाली, हा मी मांडणार, तू बाकीचे मांड. तेव्हापासून आमची उत्तरं जुळायला लागली.

मग नात्यांचे प्रश्न आले. ते मला आवडायचे. एके दिवशी मी वाचलं, "एका पुरुषाकडे बोट दाखवून एक स्त्री म्हणाली, याच्या आईचा भाऊ माझे वडील आहेत. तर तो पुरुष त्या स्त्रीचा कोण?"

मुलगी विचार करायच्या आतच मी म्हणाले, "नवरा."

"काय?"

"नवराच ना! तुझ्या बापाच्या आईचा भाऊ म्हणजे माझा बाप. त्यात विचार कसला करायचा?"

ती खो खो हसायला लागली. "आई, पर्यायात नवरा नाहीच आहे. आतेभाऊ उत्तर आहे." मीही हसले. मग तिचं हसू हळूहळू थांबलं. तिने माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, तो प्रश्न स्वतः वाचला आणि खाली बघून म्हणाली, "माझं उत्तर आतेभाऊच राहू दे, आई."

बाहेर बांबूला बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील वाऱ्याने एकमेकांवर आपटत होते. मी पान उलटलं. पुढचा प्रश्न वाचला. पण त्या दिवसापासून मी ते पुस्तक सूड उगवायला बसल्यासारखं धरलं. ती दमली म्हणाली तरी मी सोडलं नाही. पाणी भरताना दिशांचे प्रश्न, भाकरी थापताना अक्षरमालिका. ती म्हणायची, "आई, क्लासचे सर तुझ्यापेक्षा बरे, ते सुट्टी तरी देतात." प्रत्येक बरोबर उत्तराला मी मनात ताईच्या गल्ल्यातली एक नोट परत करत होते.

पहिल्या परीक्षेत ती थोडक्यात राहिली. बातमी माझ्या नातलगांना माझ्याआधी कळते. दुसऱ्याच दिवशी ताई साडी आणि नारळ घेऊन हजर.

"झालं ना मनासारखं? दिली ना परीक्षा? आता साखरपुडा उरकून घेऊ." मग यांच्याकडे वळून, "काय रे, बोल की. बायकोला विचारतोस होय? चौथी पासला?"

हे म्हणाले, "ताई परकी आहे का? पोर नजरेसमोर राहील."

मुलगी दाराच्या आड उभी होती. मला तिचे फक्त पाय दिसत होते, अंगठा जमिनीत रुतवलेला. माझ्या घशात तो काटा आलाच. मी कशीबशी म्हणाले, "अजून एक परीक्षा."

"काय म्हणालीस गो?"

"अजून एक परीक्षा देऊ दे. मग बघू."

एवढंच बोलले. पण लग्न झाल्यापासून ताईसमोर मी आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य असावं, कारण ती लगेच उठली. साडी-नारळ ठेवून गेली. तो नारळ मी फोडला आणि त्याची सोलकढी केली. साडी तशीच परत पाठवली, एसटीच्या कंडक्टरकडून, दुकानाचा पत्ता सांगून. पिशवीत चिठ्ठी टाकायला हवी होती असं हे म्हणाले. मी म्हटलं, चौथी पासची चिठ्ठी कोण वाचणार?

दुसऱ्या परीक्षेला मी तिच्याबरोबर रत्नागिरीला गेले. केंद्राबाहेर पालकांना बसायला जागा नव्हती, भिंतीच्या सावलीत उभी राहिले. इतर आया देवाचं नाव घेत होत्या. मला देवाचं नाव सुचेना. माझ्या डोळ्यांपुढे ताईचं तोंड होतं, आणि मी त्या तोंडाला मनात सांगत होते, आत बसलीय ती. प्रत्येक प्रश्नाला तू एक पायरी खाली उतरतेयस. लोकांना हे वाईट वाटेल. मला तेव्हा फार बरं वाटत होतं.

मुलगी बाहेर आली आणि म्हणाली, "नात्यांचे तीन होते. तिन्ही बरोबर असणार."

नाव यादीत आलं. लिपिकाची जागा. हे घरभर फिरत राहिले आणि मग बोटीवरच्या सगळ्यांना पेढे वाटून आले, जसं काही शिंपले त्यांनीच मांडले होते. ताईचा फोन आला. अभिनंदन नाही. म्हणाली, "बरं झालं गो, सून सरकारी नोकरीत आली."

मी फोन ठेवला आणि ठरवलं. एक रुपया ठेवायचा नाही.

मुलीचा पगार सुरू झाला, त्यातून थोडे, माझ्या सुकटीतून थोडे, असे पैसे जात राहिले. ताई घ्यायची, पण नाक मुरडून. शेवटचे दोन हजार राहिले तेव्हा मात्र घेईना. मी दुकानात नोटा पुढे केल्या, तिने त्या माझ्याच पिशवीत कोंबल्या. "एवढे राहू दे. भावाबहिणीत सगळं फेडून टाकतात का? लग्नात धरू." पुढच्या वेळीही तेच. मला तिचा डाव कळत होता. दोन हजारांची दोरी होती ती, आणि तिचं एक टोक तिला हातात ठेवायचं होतं.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात मी आणि मुलगी गेलो. दुकान मुंबईहून आलेल्या माणसांनी भरलेलं. ताईने आम्हाला बघितलं आणि मुद्दाम आवाज चढवला.

"या या! ही बघा हो, माझी होणारी सून. सरकारी नोकरीत आहे. फी मीच भरली हो हिची."

सगळे वळून बघायला लागले. मी नोटा काढल्या. ताई हसत हसत माझी मूठ मिटवत म्हणाली, "ठेव गो. मोजत बसशील नाहीतर इथेच."

माणसं हसली. मी पुन्हा ते हसू गिळणार होते. तेवढ्यात मुलीने फोन काढला, काउंटरवर चिकटवलेल्या कागदासमोर धरला आणि बोटाने काहीतरी दाबलं. तेलाच्या डब्यांमागे एक छोटा काळा डबा ठेवलेला होता. तो गरजला,

"दोन हजार रुपये प्राप्त झाले."

सगळ्या दुकानाने ऐकलं. एक म्हातारी माझ्या मुलीला म्हणाली, "एवढ्याचं काय घेतलंस गो बाय?"

"काही नाही आजी. आत्याचं देणं होतं. आता फिटलं."

"मग लग्न कधी?"

"आत्याच्या मुलासाठी मुलगी बघतोय आम्ही पण. तुमच्याकडे असली तर सांगा."

म्हातारी लगेच कोणाचं तरी नाव सांगायला लागली. ताईचा मुलगा फोनमधून मान वर करून ऐकायला लागला, पहिल्यांदाच. ताई त्या काळ्या डब्याकडे बघत होती. माणसाची मूठ मिटवता येते, डब्याची येत नाही. परत करायचे तर तिला फोन उघडून आमचा नंबर शोधावा लागला असता, आणि साखर तोलून घ्यायला उभी असलेली सगळी माणसं तिच्याकडेच बघत होती.

घशात काटा होता की नव्हता, आठवत नाही. मी म्हणाले, "ताई, पंधरा हजार झाले ना पुरे?"

तिने साखरेची पिशवी तोलायला घेतली.

"झाले ना?"

"झाले," ती म्हणाली.