कंपनीचं क्यारियर

कंपनीने आमची शाळा दत्तक घेतली, असं पत्र आलं. दत्तक घ्यायचं लेकरू निदान आधी बघायला तरी येतात लोक. आमच्याकडे आधी लोखंडी कपाट आलं, मग कंपनीच्या नावाचा मोठा फलक आला, आणि माणसं आली ती सगळ्यात शेवटी.

मी त्या शाळेत विज्ञान शिकवते. बेंबळीपासून आत असलेलं लहान गाव, शाळा सातवीपर्यंत. पुढे शिकायचं तर बेंबळीचं हायस्कूल गाठायचं. मी धाराशिवहून स्कूटीवर जाते-येते. माझा स्वभाव तापट आहे. आज बाईंचा पारा किती चढलाय ते स्कूटीच्या हॉर्नवरून कळतं, असं आमचे मुख्याध्यापक पोरांना सांगतात. मला ते माहीत आहे, हे त्यांना माहीत नाही.

कपाटातून टॅब निघाले, प्रोजेक्टर निघाला, विज्ञानाची पेटी निघाली, आणि एक प्लॅस्टिकचा सांगाडा निघाला. तो व्हरांड्यात उभा केला तर पहिलीची पोरं शाळेत पाऊल टाकेनात. शेवटी त्याला शर्ट घातला तेव्हा कुठे ती आत आली. टॅब चार्ज करायला लाइट लागते, आणि आमच्याकडे लाइट यायची ती शाळा सुटायच्या सुमाराला. तरी पोरं शिकली. टॅबवर आपलं नाव मराठीत लिहिताना एखाद्याला जोडाक्षर साधलं, की असा दंगा व्हायचा की शेजारच्या वर्गातले सर छडी घेऊन यायचे आणि स्वतःचं नाव लिहून घेऊन जायचे. हे सगळं मला फार आवडायचं. उगाच नाकं मुरडून खोटं कशाला बोलू?

सगळ्यात लवकर हात बसला तो सातवीतल्या एका मुलीचा. टॅब बिघडला की मीही तिलाच हाक मारायची. तिची जिवलग मैत्रीण म्हणजे गावातल्या शिंप्याची लेक. एकीने बोलायचं आणि दुसरीने हसायचं, अशी त्यांची वाटणी होती. दोघी सातवी पास झाल्या. जूनमध्ये शाळा उघडली तरी बेंबळीच्या हायस्कुलात दोघींचं नाव घातलं नव्हतं. मी चौकशीला गेले.

घोडं अडलं होतं सायकलच्या क्यारियरवर. सायकलच्या मागे जिथे गवताचा भारा नाहीतर माणूस बसवतात, त्याला आमच्याकडे क्यारियर म्हणतात. टॅबवालीला तिच्या मामाने एक जुनी सायकल दिली होती, पण तिला क्यारियर नव्हतं. शिंप्याच्या मुलीला सायकल चालवता येत नव्हती. पोरीने त्या रस्त्यावर एकटीने जायचं नाही, हे दोन्ही घरांत पक्कं ठरलेलं. म्हणजे एकीने चालवायची, दुसरीने मागे बसायचं, आणि मागे तर बसायला काही नाही.

"क्यारियर बसवू द्या मॅडम, मग बघू," टॅबवालीचा बाप म्हणाला.

शिंपी इस्त्री फिरवता फिरवता म्हणाला, "उसकी गई तो हमारी बी जायेंगी मॅडम. अकेली नै."

मी म्हटलं, मी आणून देते क्यारियर. तर बाप ताठ झाला. "तुमच्याकडून कसं घ्यावं? आमी काय भिकारी हाव व्हय? उद्या जातो धाराशिवला, आनतो."

त्याचा तो उद्या काही उजाडेना. मी दर दोन दिवसांनी विचारायची आणि तो दर वेळी तितक्याच आदराने तेच उत्तर द्यायचा. हळूहळू माझ्या लक्षात आलं, की त्याला क्यारियर नको होतं, क्यारियर नसणं हवं होतं. घरी धाकट्याला सांभाळायला कुणीतरी लागतं, पोरगी अंगाने वाढायला लागली आहे, हे तोंडाने म्हणण्यापेक्षा क्यारियर नाही म्हणणं सोपं. त्यात कुणाचाच अपमान होत नाही. मला मात्र धडकी भरली होती. जून घरात गेला की मुलगी घरात रुळते. मग शाळेची वाट सुटते आणि स्थळं यायला लागतात. मी अशा किती पाहिल्या आहेत. माणूस चांगला होता, म्हणूनच मला त्याचा जास्त राग यायचा.

अशात कंपनीचा निरोप आला, की साहेब स्वतः येऊन मुलांना करिअर मार्गदर्शन करणार आहेत. सातवीपर्यंतच्या पोरांना करिअर! आमच्या सहावीतल्या एकाला मी विचारलं होतं, पुढे काय व्हायचं? तो म्हणाला, सातवीत जायचं. पण कंपनीपुढे कोण बोलणार? मुख्याध्यापकांनी एक चिठ्ठी लिहून ग्रामपंचायतीच्या शिपायाकडे दिली. उद्या सकाळी शाळेत कंपनीतर्फे मुला-मुलींना करिअर मार्गदर्शन देण्यात येणार आहे, पालकांनी उपस्थित राहावे, एवढाच मजकूर. गावात कुठलीही बातमी त्या शिपायाच्या तोंडून, पंचायतीच्या भोंग्यावरूनच जाते. मी तोवर घरी निघून गेले होते. भोंग्यावरून काय गेलं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

"समद्या गावकऱ्यांना कळवन्यात येतंय, की उद्या सकाळी शाळंत कंपनीकडून पोरापोरींना क्यारियर देन्यात येनार हाय. ज्यांच्याकडं सायकल हाय त्यांनी सायकल संगं आनावी. ज्यांच्याकडं न्हाय त्यांनी उगं गर्दी करू नये."

मार्गदर्शन कुठे गेलं, म्हणून मी नंतर त्याला फैलावर घेतलं. तो शांतपणे म्हणाला, "मार्गदर्शन म्हंजी रस्ता दाखवायचा ना मॅडम? शाळंचा रस्ता समद्या गावाला म्हाईत हाय. म्हनून त्येवढं गाळलं."

सकाळी मी फाटकातून आत शिरले आणि स्कूटी लावायला जागा सापडेना. मैदानभर सायकली. चेन निघालेल्या, ब्रेक नसलेल्या, एक तर बिनचाकाची, खांद्यावर उचलून आणलेली. आणि त्या गर्दीत, मामाच्या सायकलीचं हँडल धरून, मुलीचा बाप! इस्त्रीचा शर्ट घालून. माझ्याकडून घ्यायला त्याला लाज होती, पण सगळ्या गावाला मिळतंय तर आपण का सोडायचं? शिवाय सगळं गाव रांगेत असताना तो एकटाच घरी बसला असता तर लोकांनी विचारलंच असतं. मुलगी त्याच्या शेजारी उभी होती आणि तिच्या शेजारी शिंप्याची लेक. दोघींचे डोळे कंपनीच्या गाडीवर खिळले होते.

साहेब पुण्याहून आले होते. चाळिशीचे, हसतमुख, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. सायकली बघून ते हरखूनच गेले. "वा! सगळं गाव सायकल वापरतं? किती पर्यावरणपूरक!" त्यांनी सोबतच्या फोटोवाल्याला खूण केली आणि पहिले फोटो पोरांच्या आधी सायकलींचे निघाले.

लाइट नव्हती, म्हणून प्रोजेक्टर राहिला आणि साहेब मैदानातच माइक घेऊन बोलायला लागले. माइक त्यांच्या स्पीकरचा, बॅटरीवरचा. मी व्हरांड्यात उभी होते. मला तोवर सगळा घोटाळा उमगला होता, पण त्यांना अडवायला पुढे जाईपर्यंत गाडी सुटलेली.

"मुलांनो, करिअर म्हणजे काय? आयुष्यभर साथ देतं ते करिअर!"

पहिल्या रांगेतले एक आजोबा नातवाची सायकल धरून बसले होते. त्यांनी मान हलवली. "म्हंजी लोखंडी हाय. बरं झालं."

"आणि लक्षात ठेवा, उद्या तुमच्या करिअरवर तुमचं सगळं कुटुंब उभं राहणार आहे!"

"सगळं कुटुंब?" आजोबा चमकले. "साहेब, दोघांच्या वर बसत न्हाय कुनी."

लोक हसले. साहेबांना वाटलं, गावाला विषय आवडला. त्यांना जोर चढला. तेवढ्यात एका बाईने विचारलं, "पर बसतंय कदी?"

"करिअर बसायला... म्हणजे सेट व्हायला ना? दहा-बारा वर्षं तरी लागतात ताई. खूप मेहनत आहे."

मैदानात एकदम गलका झाला. आजोबा तर उठूनच उभे राहिले. "दहा-बारा वरसं? धाराशिवला अर्ध्या घंट्यात बसवून देत्यात की वो!"

आता साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी पुढे जाऊन त्यांच्या कानात काय ते सांगितलं. बिचाऱ्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. पण माणूस सरळ निघाला. माइकवरूनच म्हणाले, "माफ करा. आमच्याकडे सायकलचं क्यारियर नाही. आम्ही फक्त माहिती द्यायला आलोय."

कुणी हसलं, कुणी कंपनीला शिवी दिली, कुणी भोंग्याला. लोक सायकली वळवायला लागले. मुलीच्या बापानेही हँडल वळवलं, आणि त्याच्या तोंडावर मला जे दिसलं त्याने माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तो सुटला होता. आता कंपनीनेच नाही म्हटलं, तिथे तो गरीब काय करणार? पुढचं सगळं वर्ष सांगायला ही सबब पुरली असती. मुलगी मात्र सीट धरून उभी राहिली. तो ओढत होता आणि ती सोडत नव्हती.

मी माइक हिसकावून घेतला. कंपनीचा माइक, पण तेव्हा मला त्याचं भान नव्हतं. "भोंग्यावर कोण बोललं होतं? पुढे या!"

शिपाई पुढे आला. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने सगळं खाली मान घालून ऐकलं. मग त्या मुलीकडे बघितलं, सायकलीकडे बघितलं, आणि भिंतीला टेकवलेल्या स्वतःच्या सायकलीपाशी गेला. गावाला पाणी सोडायचं कामही त्याचंच, त्यामुळे पाना खिशात असतो. तो खाली बसून आपलं क्यारियर सोडवायला लागला.

"अरे, तुझं कशाला?" कुणीतरी म्हणालं.

"भोंग्यावरनं बोललोय," तो म्हणाला. "आता माघारी कसं घ्यावं?"

जाणारे लोक थांबले. नट गंजलेले होते, साहेब स्वतः उकिडवे बसून सायकल धरायला लागले, पांढऱ्या पँटला ग्रीस लागलं. बघता बघता ते क्यारियर मामाच्या सायकलीवर चढलं. सगळं गाव आता बापाकडे बघत होतं.

त्याने क्यारियर दाबून बघितलं, हलवून बघितलं. "जुनं हाय. पोरगी पडली मंजी?"

कुणी काही बोलायच्या आत मुलगी सीटवर चढली, एक पाय जमिनीला टेकवला आणि म्हणाली, "अण्णा, तुमी बसून बघा."

तो इकडे तिकडे बघायला लागला. आजोबा ओरडले, "बस की रं! सगळं कुटुंब बसतंय म्हनल्यात साहेब!" मग काय करतो? बसला. इस्त्रीच्या शर्टातला तो उंच माणूस, गुडघे छातीशी, दोन्ही हातांनी सीटची स्प्रिंग घट्ट धरलेली. मुलीने पायडल मारलं. सायकल डुगडुगली, तो "धीरं! धीरं!" म्हणून ओरडला, पोरं शिट्ट्या मारायला लागली. झेंड्याच्या खांबापर्यंत ती उभी राहूनच पायडल मारत होती. खांब ओलांडला आणि सायकल सरळ झाली. मग बापाचं ओरडणं थांबलं. शाळेच्या मागून वळसा घालून ती दोघं आली तेव्हा त्याने एक हात सोडला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांपुढे असं रडू आल्याचा मला भयंकर राग आला.

तो उतरला. शर्ट झटकला, टोपी सारखी केली, आणि सगळी चूक माझीच असल्यासारखा माझ्यावर डाफरला, "बेंबळीची शाळा किती वाजता भरती?"

"साडेदहाला," मी म्हटलं.

मग तो मुलीकडे वळला. "तुझ्या मैतरणीला सांगून ठीव, सकाळी येळंवर तयार ऱ्हा म्हनावं. वाट बघायला लावू नगं."

मुलीला धाप लागली होती, तिला बोलता येईना. आणि सांगायची गरजही नव्हती. शिंप्याची लेक केव्हाच मागे येऊन बसली होती.